प्रवासातील जेवण : थांबावे कुठे, खावे काय?

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पोटात भूक असली की कोंडाही गोड लागतो आणि झोप अनावर झाली की दगडाचीही उशी चालते. घरी ही म्हण समाधानाचा धडा देते. मात्र गाडी घेऊन महामार्गावर निघालेल्या माणसाच्या बाबतीत तिचे दोन्ही भाग धोक्याचे ठरतात. भुकेने कासावीस झालेला प्रवासी समोर येईल त्या हॉटेलात शिरतो आणि मिळेल ते खातो. मग भरल्या पोटाने चाकामागे बसलेल्या चालकाचे डोळे कधी मिटले, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

सुट्ट्या, लग्नसराई, जत्रा, देवदर्शन या निमित्ताने आपल्या सातारा जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने प्रवास करतात. मुले पुण्या-मुंबईला नोकरीला असल्याने शिरवळपासून कराडपर्यंतचा महामार्ग तर अनेकांच्या रोजच्या परिचयाचा. गाडीचे तेल, हवा, ब्रेक हे सारे तपासून आपण निघतो. पण जेवायला कुठे आणि किती वाजता थांबायचे, याचा विचार बहुधा पोटात कावळे ओरडू लागल्यावरच होतो. आजच्या लेखात त्याचाच विचार करू.

आधी वेळ, मग जागा

चांगली जागा सापडण्याची पहिली अट म्हणजे ती शोधताना फार भूक लागलेली नसावी. तहान लागल्यावर विहीर खणू नये, तसेच भूक लागल्यावर हॉटेल शोधू नये. भुकेला माणूस स्वच्छता पाहत नाही, मुले रडत असली तर आई-वडिलांनाही पर्याय उरत नाही आणि ‘आता इथेच थांबू’ असे म्हणून गाडी वळते.

म्हणून घरातून निघतानाच थांबे ठरवावेत. साधारण दोन तासांनी एकदा थांबणे शरीराच्या दृष्टीने चांगले. पाय मोकळे होतात, कमरेला आराम मिळतो, लघवी तुंबत नाही आणि डोळ्यांनाही विसावा मिळतो. उदाहरणार्थ, साताऱ्याहून मुंबईचे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे चहा-बिस्किटावर निघालात तर शिरवळ किंवा खेड-शिवापूर परिसरात न्याहारी आणि पुढे द्रुतगती मार्गावरील अधिकृत थांब्यावर दुसरी विश्रांती, असा आराखडा करता येतो. दुपारच्या जेवणाची वेळ प्रवासात येणार असेल तर बारा-साडेबारालाच जेवावे. त्या वेळी अन्न नुकतेच तयार झालेले असते, गर्दी कमी असते आणि वाढणाऱ्यालाही उसंत असते. तीन वाजता पोहोचणाऱ्याच्या ताटात सकाळी अकराचा भात पडण्याची शक्यता अधिक.

नव्या, लांबलचक रस्त्यांवर ही आखणी आणखी गरजेची आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण झाला. सुरुवातीच्या काळात वाटेत खाण्यापिण्याची सोय अपुरी असल्याच्या तक्रारी प्रवाशांनी केल्या होत्या. अशा रस्त्यावर मनात येईल तेथे थांबता येत नाही. पुढचा थांबा किती अंतरावर आहे हे ठाऊक हवे आणि पाणी व कोरडा खाऊ सोबत हवाच.

गर्दी पाहा, पण कोणती?

‘जिथे ट्रकवाले जेवतात तिथे जेवण चांगले’ असे आपल्याकडे मानले जाते. यात तथ्य आहे, पण अर्धेच. जेथे सतत गिऱ्हाईक असते तेथे अन्न पडून राहत नाही, भाकरी-रोटी तव्यावरून व भट्टीतून थेट ताटात येते, हे खरे. परंतु ट्रक थांबण्याची इतरही कारणे असतात. मोठी गाडी लावायला प्रशस्त जागा, अंघोळीला पाणी, झोपायला बाज, ओळखीचा मालक. ट्रकची रांग दिसली म्हणजे स्वयंपाकघर स्वच्छ आहे असे समजू नये.

बसथांब्यांच्या हॉटेलांचेही तसेच. तेथील प्रवाशांनी ते हॉटेल निवडलेले नसते, बसने त्यांना तेथे आणून सोडलेले असते. जेवण बेचव असले तरी दुसरी बस नवे गिऱ्हाईक घेऊन येणारच. म्हणून आणलेली गर्दी आणि आपणहून आलेली गर्दी यांतला फरक ओळखावा. जेथे त्याच भागातील लोक घरच्यांना घेऊन जेवायला येतात, ते ठिकाण बहुधा भरवशाचे. आपल्या जिल्ह्यात एमएच ११ किंवा एमएच ५० क्रमांकाच्या गाड्या बाहेर उभ्या असतील, आत बायकामुले बसलेली असतील, तर ती चांगली खूण समजावी. जवळपासच्या माणसाला एकदा फसवता येते, दर आठवड्याला नाही.

पाच मिनिटांची पाहणी

गाडीतून उतरल्यावर लगेच टेबल धरू नका. एकाने आधी आत जाऊन पाहून यावे. काय पाहावे?

पहिले, हात धुण्याची जागा. नळाला पाणी आहे का? साबण आहे का? अनेक ठिकाणी गिऱ्हाईक आणि नोकर एकच बेसिन वापरतात. तेथे साबण नसेल तर भाकरी थापणाऱ्याचे हात कशाने धुतले जात असतील, याचा अंदाज आपोआप येतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

दुसरे, स्वच्छतागृह. जो मालक गिऱ्हाइकाला दिसणारी जागा स्वच्छ ठेवत नाही, तो न दिसणारे स्वयंपाकघर स्वच्छ ठेवत असेल हे संभवत नाही.

तिसरे, टेबल पुसण्याचे फडके. एकाच ओल्या, कळकट फडक्याने टेबल, ताट आणि वाढणाऱ्याचे हात पुसले जात असतील तर चहा पिऊन पुढे निघावे.

चौथे, पाणी. पिंपात पेला बुडवून पाणी काढले जाते की तोटीने? वाढणारा चार पेले आत बोटे घालून उचलून आणतो का? शंका असेल तर घरचे पाणी प्यावे किंवा बाटली घ्यावी आणि तिचे सील व तारीख पाहून घ्यावी.

पाचवे, माश्या आणि उघडे अन्न. चिरलेला कांदा, चटणी, कोशिंबीर झाकलेली आहे का?

सहावे, खाद्यपदार्थांची यादी. पाच-सहा पदार्थ करणारे छोटे हॉटेल रोज ताजे करू शकते. दोनशे पदार्थांची जाडजूड यादी ठेवणाऱ्या ठिकाणी रस्सा व ग्रेव्ही आधीच करून ठेवावी लागते.

परवानाही पाहावा. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा असून तो ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. त्यानुसार खाद्यव्यावसायिकाकडे १४ अंकी क्रमांक असावा लागतो. जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक बिलावर छापणेही बंधनकारक आहे. अर्थात, क्रमांक असला म्हणजे आजची भाजी ताजी आहे असा अर्थ नव्हे. पण काही घडल्यास दाद मागायला तो उपयोगी पडतो. म्हणून बिल मागून घ्यावे आणि घरी पोहोचून दोन दिवस होईपर्यंत जपून ठेवावे.

काय मागवावे, काय टाळावे

एकच सूत्र लक्षात ठेवावे : जे आपल्यासमोर गरम होऊन, वाफाळत येते ते त्यातल्या त्यात सुरक्षित. याचे शास्त्रीय कारण असे की अन्नातील जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात झपाट्याने वाढतात. परिस्थिती अनुकूल असेल तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एका जंतूचे चार तासांत चार हजारांहून अधिक जंतू होतात. कोमट भाजी, तासन्‌तास ठेवलेला भात, ओट्यावरची चटणी या सर्व गोष्टी नेमक्या याच तापमानात असतात.

‘परत गरम करून द्या’ म्हटले की प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. तसे नाही. भातात वाढणारा एक जंतू शिजवल्यावरही बीजरूपाने टिकतो. भात बाहेर राहिला की तो वाढतो आणि विष तयार करतो. वाढणाऱ्याच्या हातावरील जखमेतून किंवा फोडातून अन्नात येणाऱ्या दुसऱ्या एका जंतूचीही तीच गोष्ट. ही विषे उकळूनही नष्ट होत नाहीत. म्हणूनच काही वेळा अन्न गरमागरम खाऊनही अर्ध्या तासापासून काही तासांत उलट्या सुरू होतात.

तेव्हा मागवावे काय? तव्यावरची भाकरी किंवा चपाती, ताजे पिठले, उकळती आमटी, अंड्याची पोळी, भांड्यातून वाफेसह निघालेली इडली, समोर घातलेला डोसा, थालीपीठ. मिसळ खायची तर कट उकळता असावा आणि वरचा कांदा समोर चिरून घ्यावा, नाहीतर न घेतलेला बरा. सोललेली केळी-संत्री आपल्या हाताने सोललेली असावीत.

टाळावे काय? कापून ठेवलेली फळे, कच्ची कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, उघड्यावरचे दही, थंड झालेला भात, अर्धवट शिजलेले मांस. घाटाच्या तोंडाशी मिळणारी गरम कांदाभजी पाहून मोह होतो, पण आधी कढईत डोकवावे. पुन्हा पुन्हा तापवून काळे, दाट झालेले तेल शरीराला घातक असते. तेल किती वापरावे यावर जुलै २०१८ पासून कायद्याने मर्यादा आहे. काळ्या तेलाला फेस आणि उग्र वास येत असेल तर भजी तिथेच सोडावी.

उसाचा रस आपल्या भागाचा जीव की प्राण! त्यात दोष रसाचा नसतो. तो असतो बर्फाचा, न धुतलेल्या चरकाचा आणि बादलीत बुचकळलेल्या पेल्यांचा. पाणी गोठल्याने त्यातील जंतू मरत नाहीत. रस प्यायचाच तर बिनबर्फाचा, समोर काढलेला आणि लगेच प्यावा.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. दूषित अन्न-पाण्यातून होणारा विषमज्वर साधारण एक ते तीन आठवड्यांनी आणि एक प्रकारची कावीळ दोन ते सात आठवड्यांनी डोके वर काढते. तोपर्यंत प्रवासही विसरलेला असतो. ‘आम्ही तिथे नेहमी खातो, कधी काही झाले नाही’ हे म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही.

चालकाचे ताट वेगळे

गाडी चालविणाऱ्याने इतरांबरोबर जेवावे, पण इतरांइतके जेवू नये. दुपारी दोन ते चार आणि मध्यरात्रीनंतर दोन ते पाच या वेळांत शरीराला नैसर्गिकपणे सुस्ती येते. त्यात भाताचे डोंगर, तळलेले पदार्थ आणि गोड यांची भर पडली की डोळे जड होणारच. डुलकी तीन-चार सेकंदांची असते. मात्र ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. चार सेकंद डोळे मिटले तर ती जवळपास ९० मीटर बिनचालकाची धावते. समोर उभा ट्रक असेल तर?

चालकाने एक-दोन भाकऱ्या, आमटी, भाजी, ताक असे अर्ध्या पोटाचे जेवण घ्यावे. भात आणि गोड घरी पोहोचल्यावर खावे. जेवल्यावर वीस-पंचवीस मिनिटे थांबावे, थोडे चालावे. डोळे चुरचुरू लागले, जांभया येऊ लागल्या, मागचे दोन किलोमीटर आठवेनात, तर गाडी सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटे झोपावे. खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे हे उपाय फार वेळ टिकत नाहीत. चहा-कॉफीने थोडी तरतरी येते, पण तिलाही वीस-तीस मिनिटे लागतात आणि ती झोपेची जागा घेऊ शकत नाही.

आणखी दोन पथ्ये. गाडी लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या आणि सर्दीवरच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. प्रवाशाने त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात, चालकाने घेऊ नयेत. दारूबद्दल तर सांगायलाच नको. थोड्या मद्यानेही निर्णयशक्ती मंदावते आणि रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळल्यास मोटार वाहन कायद्यानुसार तो गुन्हा आहे. भाड्याची गाडी असेल तर चालकाला आपल्याबरोबर जेवायला बसवावे, त्याच्या झोपेची विचारपूस करावी. आपला जीव त्याच्या हाती असतो.

मधुमेही, मुले आणि ज्येष्ठ

समजा, एका मधुमेही गृहस्थांनी ‘दहा मिनिटांत पोहोचू’ या हिशेबाने गाडीतच इन्सुलिन घेतले. पुढे टोलनाक्यावर रांग लागली, हॉटेलात जागा मिळाली नाही, ताट यायला पाऊण तास गेला. एवढ्या वेळात रक्तातील साखर उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, धडधडते, बोलणे असंबद्ध होते. बरोबरच्यांना वाटते, भुकेने चिडले आहेत! तेच गाडी चालवत असतील तर केवढा अनर्थ! म्हणून प्रवासात इन्सुलिनची वेळ कशी सांभाळायची हे आधीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि जेवण मिळण्याची खात्री झाल्याशिवाय सुई टोचू नये. मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही साखर अशी उतरू शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोज कायम असावे. लक्षणे दिसताच गाडी बाजूला थांबवावी, तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बरे वाटल्यावर काहीतरी खावे आणि त्यानंतरही किमान पाऊण तास चाक हाती घेऊ नये. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

रक्तदाब असणाऱ्यांनी लोणचे, पापड, खारट फरसाण दूर ठेवावे. लघवी जास्त होणारी गोळी प्रवासात अडचणीची होते म्हणून अनेकजण ती परस्पर बंद करतात. तसे करू नये. वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे. मुलांना घाटाच्या आधी पोटभर खायला किंवा दूध देऊ नये. कोरडी पोळी, लाह्या, बिस्कीट असे थोडे द्यावे. अगदी उपाशी पोटीही मळमळ वाढते.

माताभगिनींसाठी

प्रवासात बहुतेक स्त्रिया पाणीच पीत नाहीत. कारण एकच, वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते. सहा-सात तास लघवी रोखून धरल्याने आणि पाणी न प्यायल्याने मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, थंडी वाजून ताप ही त्याची लक्षणे. गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर हे अधिक गंभीर. म्हणून थांबण्याची जागा ठरविताना घरातील स्त्रियांचे मत पहिले घ्यावे. ज्या हॉटेलात स्वच्छतागृह चांगले, तेच हॉटेल चांगले, अशी साधी कसोटी लावली तरी निम्मे काम होते. पेट्रोल पंपावर पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असणे तेल कंपन्यांच्या नियमांनुसार आवश्यक आहे. ते मागण्यात संकोच नसावा.

घरचा डबा

मनासारखी जागा मिळाली नाही तर? आपल्या आजी-पणजी त्याचे उत्तर देऊन गेल्या आहेत. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी, गुळाची पोळी, भडंग, भाजलेले शेंगदाणे, केळी. पाण्याचा अंश कमी असलेले पदार्थ टिकतात. ओला नारळ घातलेले, उकडलेल्या बटाट्याचे, रस्सेदार पदार्थ उन्हाळ्यात लवकर आंबतात. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत तापमान ५० अंशांच्याही वर जाऊ शकते, तेव्हा डबा डिकीत न ठेवता बरोबर ठेवावा आणि दुपारच्या आत संपवावा.

मात्र डबा खायला महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यावर गाडी उभी करू नये. झाडाची सावली कितीही चांगली वाटली तरी मागून येणारे वाहन तेथे धडकू शकते. पंपावर, गावात, देवळाच्या आवारात किंवा अधिकृत थांब्यावरच बसावे.

त्रास झालाच तर

उलट्या-जुलाब सुरू झाले की पहिला धोका शरीरातील पाणी व क्षार कमी होण्याचा असतो. क्षारसंजीवनीची (ओआरएस) दोन-तीन पाकिटे गाडीत ठेवावीत. पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच उकळून गार केलेल्या किंवा बाटलीतील पाण्यात ती विरघळवावीत. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या द्रावणाने असंख्य प्राण वाचविले. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे.

जुलाबातून रक्त पडणे, जोराचा ताप, सतत उलट्या, लघवी न होणे, ग्लानी यांपैकी काही दिसले, किंवा रुग्ण लहान मूल, गरोदर स्त्री अथवा वृद्ध असेल, तर घरी पोहोचण्याची वाट पाहू नये. ताप किंवा रक्त असताना जुलाब थांबविणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. एकाच हॉटेलात जेवलेल्या अनेकांना त्रास झाल्यास बिलासह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. आपल्या तक्रारीने पुढच्या गाडीतील मुले वाचू शकतात.

थोडक्यात

थांबा आधी ठरवा. भूक अनावर होण्यापूर्वी थांबा. बेसिन व स्वच्छतागृह पाहून मगच बसा. गरम तेवढेच खा. चालकाने अर्ध्या पोटी जेवावे आणि झोप आल्यास निःसंकोच झोपावे. पाणी, साखर, क्षारसंजीवनी व घरचा डबा जवळ ठेवा. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा ही म्हण घरात शोभते. रस्त्यावर मात्र भुकेला ताजे अन्न हवे आणि निजेला गाडी थांबवून घेतलेली घटकाभराची विश्रांती. उशिरा पोहोचलेल्या गाडीची घरी कोणी तक्रार करीत नाही. आपला प्रवास सुखाचा होवो!